एक कप म्हणजे किती

मासळीचा कारखाना बंद पडला त्या वर्षी
स्कूनर आर्ममधल्या प्रत्येकाने काही ना काही घरी नेलं.
कुणी गमबूट, कुणी बर्फाची फावडी.
मी छोटा काटा नेला,
कॉडच्या तुकड्यांची पाकिटं तोलायचा,
ग्रॅमपर्यंत सच्चा.
तीस वर्षांत कुणी म्हणालं नाही
की ॲम्ब्रोसच्या मापात पाप आहे.

आता चर्चच्या तळघरात बायकांनी बोलावलंय.
गावच्या पाककृतींचं पुस्तक निघतंय
आणि टोरोंटोला गेलेल्या मुलींचा निरोप आहे :
कप नकोत, ग्रॅम द्या.

व्हर्ना कीपिंगने भरला एक कप मैदा : एकशे अठरा.
एफी स्नूकने भरला, तोच कप, तीच पिशवी : एकशे बावन्न.
एक चमच्याने अलगद भुरभुरवते,
दुसरी कप पिशवीत खुपसते,
विहिरीत बादली सोडावी तसा.
चाळीस वर्षं शेजारी राहतात.
दोघींचे केक फुगतात.
कसे, ते विचारायची सोय नाही.

मी वही आखली.
साखर सरळ मनाची, कुणीही भरा, दोनशेच्या आसपास.
खाकी साखर दाबाल तशी दबते.
ओट्स कपाला नव्वद, म्हणजे बरीचशी हवाच.
मीठ बारीक की खड्यांचं, यावर वीस मिनिटं गेली
आणि चहा निवला.
‘चाळलेला मैदा एक कप’
आणि ‘एक कप मैदा, चाळून’,
यातल्या एका स्वल्पविरामाचं वजन
वीस ग्रॅम भरलं.
शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर धुकं होतं.
धुक्याच्या दिवसांत मैदाही पाणी पितो,
तेही मांडायचं का, एफीने विचारलं.
म्हटलं, धुकं आपण धरत नाही.
माशाला चिकटलेला बर्फही धरत नव्हतो.

मग मेल्विनाचं कार्ड आलं.
माझी मेल्विना. जाऊन चार वर्षं झाली.
बेदाण्यांचा पाव. तीन कप मैदा,
आणि कोपऱ्यात लोण्याचा डाग.
गावात सगळ्यांनी करून पाहिलाय तो.
सगळ्यांचा सैल पडतो, बेदाणे तळाशी जाऊन बसतात.
“काहीतरी लपवलंय तिनं,” व्हर्ना म्हणाली,
आणि माझ्याकडे न बघता,
“देव तिचं भलं करो.”

तिचा कप मी बरोबर आणला होता.
पांढरा, इनॅमलचा, कडेला टवका उडालेला.
भरला, सुरीने सपाट केला. एकशे एकवीस.
पुन्हा भरला. एकशे एकवीस.
काट्याचा दोष नव्हता.

आठवलं ते कानांना.
तिच्या स्वयंपाकघरात मी कधी उभाच राहिलो नाही.
बाहेरच्या खोलीत रेडिओवर वारा ऐकत बसायचो,
नैऋत्येचा की ईशान्येचा,
आणि भिंतीपलीकडून यायचं
टक टक टक.
जरा थांबून, टक टक टक.
आणि आणखी एकदा.
दर शनिवारी पहाटे.
मला वाटायचं बूट झटकतेय,
नाहीतर माझ्यावर चिडलीय.

कप टेबलावर तीनदा आपटला.
मैदा खाली बसला, वर बोटभर जागा झाली.
ती भरली. सपाट केली.
एकशे एकोणपन्नास.

तळघरात कुणी काही बोललं नाही.
एफीने पेन्सिल पुढे केली.
मी लिहिलं : मैदा, चारशे सत्तेचाळीस ग्रॅम.

“साडेचारशे कर ना,” व्हर्ना म्हणाली,
“कोण बघतंय तीन ग्रॅम?”

कारखान्यात पाकिटामागे पाच ग्रॅम
मी हसत सोडून द्यायचो,
इकडे नाहीतर तिकडे.

नाही म्हटलं.
आवाज चढला असावा,
कारण वरच्या मजल्यावरून पाद्रीबाबा
जिना उतरून बघायला आले.